श्रवणभक्त साने गुरुजी

भक्तीचे जे नऊ प्रकार आपल्या संतांनी वर्णिले आहेत, त्यांत श्रवणास पहिले स्थान आहे. कीर्तन, स्मरण, अर्चन, वंदन ही सर्व श्रवणाच्या मागून येतात. परमेश्वराच्या भक्तीस हा जो क्रम लागू आहे, तोच माणसामाणसांतील प्रेमासही लागू आहे. ज्याचे म्हणणे आपण कधी मन लावून ऐकिले नाही, त्याच्यावर आपले प्रेम आहे असे म्हणणे व्यर्थ होय. तथापि ऐकणे ही गोष्ट आपण फार सोपी समजतो. कान उघडे असले म्हणजे ऐकू येतेच, त्यात शिकावयाचे ते काय, असे आपणांस वाटते. एका कानाने ऐकावे आणि दुसऱ्याने सोडून द्यावे, हाच बहुधा आपला रोजचा व्यवहार असतो.

आपल्या खानदेशात आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे वेचणारा एक पुरुष असा होऊन गेला की, ज्याने ऐकण्याची खरी थोरवी आपल्या आचरणाने दाखवून दिली. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे नाव. सर्व महाराष्ट्र त्यांस साने गुरुजी या नावाने ओळखतो. लेखक, देशभक्त व शिक्षक म्हणून त्यांची कीर्ती सर्वतोमुखी आहे. त्यांच्या चरित्राकडे श्रवणाच्या दृष्टीने पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराण्यात खोती होती. परंतु वैभव ओसरले होते व पुढे घरी दारिद्र्यच आले. मातोश्री यशोदाबाई अत्यंत प्रेमळ, परंतु मुलाच्या वागणुकीविषयी तितक्याच दक्ष. मुलाचे शरीर स्वच्छ राहावे तसे मनही स्वच्छ राहावे, असा तिचा कटाक्ष. या मातेचे बोल गुरुजींनी अशा रीतीने कानांत व हृदयात साठविले की, सन १९१७ मध्ये ती निवर्तल्यानंतर सोळा वर्षांनी ते जसेच्या तसे त्यांच्या लेखणीतून उतरले. शिक्षणासाठी त्यांस गावोगाव हिंडावे लागले. काही काळ ते दापोली येथील मिशनच्या शाळेत होते. नंतर गरीब विद्यार्थ्यांची सोय होत असे म्हणून ते औंध संस्थानात गेले. तेथे प्लेगची साथ आल्यामुळे त्यांस परतावे लागले व पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून ते १९१८ साली मॅट्रिक झाले. पुढे तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम. ए. झाले. अर्धपोटी राहून शिकलेल्या मुलास दुसऱ्याची भूक न सांगता समजते. गुरुजींचे तसेच झाले.

अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात अधिक अध्ययन करण्यासाठी ते खानदेशात आले, आणि जून १९२४ पासून तेथील हायस्कुलात शिक्षक झाले. हेच हायस्कूल आज प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्ध आहे. लवकरच छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तरुण शिक्षक कोकणातला, मुले खानदेशच्या खेड्यापाड्यांतील. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी तावडी. शिवाय गुरुजी स्वभावाने लाजाळू. अशा शिक्षकाने मुलांवर जरब बसवावी तरी कशी?

गुरुजींनी जरब बसविलीच नाही. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. मुले शाळेत गेली म्हणजे गुरुजी त्या झाडून ठेवीत, पुस्तके नीट लावीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत. कोणास ताप आला तर त्याच्या उशाशी ते बसून राहत. यात बोलणे कोठेच नव्हते; परंतु मुलाचे न बोललेले दुःख ऐकणे मात्र होते. घरची आठवण येणाऱ्या मुलास तसे सांगण्याची लाज वाटते, फी भरावयास पैसे नसलेला मुलगा कोपऱ्यात तोंड लपवून बसतो, आजारी मुलगा आपण बरे आहोत असेच म्हणतो. हे सर्व ज्याच्या कानांस ऐकू येते, त्याच्यापाशी मुले मग मनातलेही बोलू लागतात. अमळनेरच्या छात्रालयात असेच झाले, आणि हा तरुण शिक्षक मुलांचा गुरुजी झाला.

त्या छात्रालयात गुरुजींनी एक अपूर्व उपक्रम चालविला होता. छात्रालय दैनिक नावाचे एक हस्तलिखित ते रोज स्वहस्ते लिहून मुलांपुढे ठेवीत. छात्रालयातील दैनंदिन गोष्टी, जगातील थोरांची चरित्रे, देशाच्या वार्ता असे नाना विषय त्यात येत. रोजच्या रोज असे लिहावयाचे, तर रोजच्या रोज मुलांमध्ये वावरून त्यांच्या मनात काय चालले आहे याचा कानोसा घ्यावा लागतो. वर्गात शिक्षकाने बोलावे व मुलांनी ऐकावे, ही जगाची रीत आहे. गुरुजींनी त्या रीतीस दुसरी बाजू जोडली. आधी स्वतः ऐकिले आणि मग लिहिले.

सन १९३० मध्ये देशात सत्याग्रहाचा वणवा पेटला. गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली व त्यात उडी घेतली. त्यांस शिक्षा झाली आणि पुढे दूर मद्रास इलाख्यातील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांची रवानगी करण्यात आली. तेथे दक्षिणेतील निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही होते. सर्वांचा देश एक, ध्येय एक, दुःखही एकच. परंतु एकाची भाषा दुसऱ्यास समजेना. शेजारी बसलेल्या बंधूचे मन आपणांस ऐकू येत नाही, ही गोष्ट गुरुजींच्या जिव्हारी लागली. त्यांनी तेथे दक्षिणेच्या भाषांचा परिचय करून घेण्यास आरंभ केला. तिरुवल्लुवरांच्या कुरल या प्राचीन तामिळ ग्रंथाचा मराठी अनुवादही त्यांनी केला. त्या ग्रंथात श्रवणाविषयी दहा द्विपदींचा एक स्वतंत्र अध्याय आहे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भारतातील प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात व एकमेकांस ओळखावे, ही आंतरभारतीची कल्पना गुरुजींनी पुढे मांडली. तिचे बीज त्या तुरुंगात रुजले.

यानंतरचा प्रसंग धुळ्याचा आहे. सन १९३२ च्या आरंभी गुरुजींस पुन्हा अटक झाली व त्यांस धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्याच तुरुंगात त्या वेळी विनोबा भावे होते, जमनालाल बजाजही होते. बंदिजनांच्या आग्रहावरून विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन करण्याचे ठरविले. २१ फेब्रुवारी १९३२ रोजी पहिले प्रवचन झाले आणि १९ जून रोजी अठरावे. अठरा अध्याय, अठरा रविवार. एकही खंड पडला नाही.

विनोबांजवळ लिहून आणलेले भाषण नव्हते. ते आपल्या ओघात बोलत असत, आणि गुरुजी समोर बसून ते शब्द लिहून घेत असत. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहिणे किती कठीण आहे, हे वर्गात टिपणे घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. हात मागे पडतो, वाक्य सुटते, सुटलेले वाक्य आठवू गेल्यास पुढचे निसटते. आणखी एक संकट याहून सूक्ष्म आहे. ऐकणारा स्वतः विद्वान असला म्हणजे दुसऱ्याचे बोलणे चालू असताच त्याच्या मनात स्वतःचे विचार उठू लागतात. मग तो वक्त्याचे न ऐकता स्वतःचेच ऐकू लागतो. गुरुजी तत्त्वज्ञानाचे एम. ए. होते, लेखक होते, त्यांची स्वतःची भाषा भावनेने ओथंबलेली होती. असे असूनही त्यांनी लिहून घेतलेली प्रवचने वाचताना विनोबांचीच वाणी कानी येते. गुरुजींनी आपले पांडित्य व आपली शैली अठरा रविवार बाजूस ठेविली, म्हणूनच हे घडले. गीता प्रवचने हा ग्रंथ या श्रवणातून सिद्ध झाला. भारताच्या बहुतेक सर्व प्रमुख भाषांत आज तो गेला आहे. त्यावर नाव विनोबांचे आहे व ते योग्यच आहे; परंतु धुळ्याच्या त्या कोठडीत असे कान नसते, तर तो वाक्प्रवाह हवेत विरून गेला असता.

पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत श्यामची आई हे पुस्तक लिहिले. ज्याने आईचे इतके ऐकिले, त्यालाच ती इतक्या अल्पावधीत कागदावर उतरविता आली. या पुस्तकाची मांडणीही पाहण्यासारखी आहे. श्याम रोज रात्री आपल्या मित्रमंडळीस आईची एकेक आठवण सांगतो आणि मित्र ती ऐकतात. अशा बेचाळीस रात्री होतात. ऐकणारे मित्र भोवती बसले आहेत, म्हणून श्यामचे हृदय मोकळे होते.

गुरुजींनी केवळ थोरांचेच ऐकिले असे मात्र नाही. ज्यांच्याकडे विद्वान लोक सहसा कान देत नसत, अशा खेड्यातील स्त्रियांच्या ओव्याही त्यांनी परिश्रमपूर्वक गोळा केल्या व स्त्री-जीवन या ग्रंथात त्या प्रसिद्ध केल्या. जात्यावर बसून, पहाटेच्या अंधारात, माहेरच्या आठवणीने गाइलेली ती गीते. ती गाणाऱ्या मायभगिनींस आपले गाणे कोणी ऐकत असेल असे स्वप्नातही वाटले नसेल. याच खानदेशात जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे काव्यही त्यांच्या मुलाने व आप्ताने ऐकून लिहून ठेविले, म्हणूनच आज ते आपणांस लाभले आहे. घरातल्या माणसाचे ऐकणे किती मोलाचे असते, हे यावरून दिसून येईल.

आता आपल्या फैजपूरकडे वळू. काँग्रेसची अधिवेशने तोपर्यंत मोठमोठ्या शहरी भरत असत. देश खेड्यांत राहतो, तेव्हा अधिवेशनही खेड्यात भरावे, असे गांधीजींच्या मनात आले आणि त्यासाठी फैजपूरची निवड झाली. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली येथे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन. मंडपाची सजावट थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व अशाच साध्या ग्रामीण साहित्यातून केली. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी या कामी अपार कष्ट केले. त्यांचेच नाव पुढे फैजपूरच्या महाविद्यालयास दिले गेले.

या अधिवेशनाच्या सिद्धतेसाठी गुरुजींनी खानदेशातील खेडी पालथी घातली. ते गावोगाव गेले, सभा घेतल्या, निधी व स्वयंसेवक मिळविले. परंतु खेड्यात जाऊन केवळ व्याख्यान देणारा मनुष्य आणि शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याची हकीकत विचारणारा मनुष्य, यांत फार अंतर आहे. सारा किती, कर्ज किती, पीक बुडाले तर वर्ष कसे निघते, हे शेतकऱ्यास पुस्तकात वाचावे लागत नाही. ते त्याला विचारावे मात्र लागते. फैजपूरच्या अधिवेशनाने जो शेतीविषयक कार्यक्रम संमत केला, त्यात सारा व खंड कमी करणे, कर्जाचा भार हलका करणे, शेतमजुरास पोटापुरते वेतन मिळणे, शेतकऱ्यांच्या संघटनांस मान्यता देणे अशी कलमे होती. खेड्यातील माणसांचे गाऱ्हाणे राष्ट्राच्या सभेने खेड्यात येऊन ऐकिले, हे फैजपूरचे खरे भूषण होय. बहुजनांनी बोलावे आणि पुढाऱ्यांनी ऐकावे, असा तो योग होता.

ऐकिलेले गुरुजी विसरत नसत. सन १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून काँग्रेस नावाचे साप्ताहिक सुरू केले व त्यातून शेतकऱ्यांची आणि गिरणी कामगारांची दुःखे वेशीवर टांगली. पिके बुडालेल्या शेतकऱ्यांस सारामाफी मिळावी म्हणून ते झगडले, कामगारांच्या संघटनेत ते राबले. ऐकिलेल्या गोष्टीचे पुढे काय केले, हीच ऐकल्याची खरी पावती असते. ज्याचे ऐकिले त्याच्यासाठी आपण बोटही हलविले नाही, तर ते ऐकणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणीच.

ही पावती गुरुजींनी सर्वांत मोठ्या मोलाने दिली ती पंढरपुरास. विठोबा हा अवघ्या महाराष्ट्राचा देव. पण अस्पृश्य मानलेल्या आपल्या बांधवांस त्याच्या मंदिरात पाऊल ठेवण्याची मोकळीक नव्हती. चोखामेळ्याच्या काळापासून हे लोक बाहेर उभे होते. त्यांची हाक नवी नव्हती. ती ऐकूनही समाज बहिरा झाला होता. गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर हिंडले, लोकांच्या विनवण्या केल्या. शेवटी १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरास उपोषण आरंभिले. ओरडून बहिऱ्याचे कान उघडत नाहीत, हे त्यांस माहीत होते. म्हणून त्यांनी स्वतःचा देहच पणास लावला. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला आणि उपोषण सुटले. शेकडो वर्षे ज्यांचे कोणी ऐकिले नव्हते, त्यांचे ऐकले गेले.

पुढच्या वर्षी गांधीजींची हत्या झाली. गुरुजी व्याकुळ झाले व त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. आपल्या पुतणीस लिहिलेली त्यांची सुंदर पत्रे त्यात प्रसिद्ध होत. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीचा विचार मांडला. कामे अनंत होती. पण मन थकत चालले होते. सर्वांची दुःखे त्यांनी आपल्या ठायी साठविली होती. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपल्याच हाताने आपली जीवनयात्रा संपविली.

ही गोष्ट मुलांपुढे सांगावी की नाही, असा प्रश्न कोणी करील. ती लपवून ठेविल्यास मात्र त्यांच्या चरित्रातील एक महत्त्वाचा धडा आपण गमावून बसू. अशा कृत्याचे कोणतेही एक कारण सांगता येत नाही, आणि त्याचा गौरवही करता कामा नये. त्यांच्या जाण्याने महाराष्ट्रातील असंख्य मुले पोरकी झाली. त्यांचे आणखी वीस वर्षांचे प्रेम व लेखन आपण मुकलो. यातून एवढे मात्र शिकावे की, जो सर्वांचे ऐकतो त्यालाही ऐकणारे कोणीतरी हवे असते. दुसऱ्याचे ओझे जो वाहतो, त्याची पाठ दुखत नाही असे समजू नये. आपल्या घरात, शाळेत, गावात असा कोणी असेल तर त्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्याजवळ बसा.

विद्यार्थिमित्रहो, गुरुजींप्रमाणे ग्रंथ लिहिणे किंवा तुरुंगात जाणे प्रत्येकास साधणार नाही. परंतु त्यांच्याप्रमाणे ऐकणे प्रत्येकास साधेल. मित्र बोलत असता आपले उत्तर मनात जुळवू नका. त्याचे वाक्य मध्येच तोडू नका. त्याने सांगितलेले गुपित चव्हाट्यावर मांडू नका. वर्गात जो मुलगा किंवा जी मुलगी कधीच बोलत नाही, तिच्या शेजारी जाऊन बसा. आणि तुमच्याच मनावर एखादा भार असेल, जगणे नकोसे वाटावे इतका जड असेल, तरी तो एकट्याने वाहू नका; आईस, वडिलांस, शिक्षकांस अथवा विश्वासाच्या मोठ्या माणसास त्याच दिवशी सांगा. एकाने ऐकिले नाही तर दुसऱ्यापाशी जा. दुःख सांगण्यात कमीपणा मुळीच नाही.

पालकांसही एक नम्र विनंती आहे. संध्याकाळी मूल घरी आले म्हणजे गुण किती पडले हे आपण विचारतोच. त्यानंतर थोडा वेळ काही न विचारता, काही न शिकविता, ते जे सांगेल ते ऐकावे. प्रारंभी ते क्षुल्लक गोष्टी सांगेल. त्या क्षुल्लक गोष्टी जो मनापासून ऐकतो, त्यालाच पुढे मूल महत्त्वाच्या गोष्टी सांगते. अमळनेरच्या छात्रालयात एका तरुण शिक्षकाने हेच केले, आणि खानदेशातील एक पिढी त्याची ऋणी झाली.